दाढ काढायची आहे? नुसती ‘फिटनेस’ची सही पुरेशी नाही

“डॉक्टर, दाढ काढायची आहे. दाताच्या डॉक्टरांनी फिटनेस मागितलाय. तेवढी सही द्या.”

काळाचौकीत प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्यासारख्या फिजिशियनला हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येते. बहुतेकांना सही हवी असते, तपासणी नको असते. संध्याकाळची अपॉइंटमेंट घेतलेली असते, गाल सुजलेला असतो, रात्रभर झोप नसते. घाई मी समजू शकतो. पण मला स्पष्ट सांगायचे आहे की नुसते ‘फिट’ असे लिहून खाली सही केलेली चिठ्ठी जवळजवळ निरुपयोगी आहे. त्या चिठ्ठीने दाताच्या डॉक्टरांना काही कळत नाही, रुग्णाला कळत नाही, आणि पुढे काही बिघडले तर ती कोणाच्या कामालाही येत नाही.

मी दाताचा डॉक्टर नाही. दाढ कशी काढावी, टाके किती घालावेत हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण दाढ काढल्यावर जे गंभीर बिघडते, त्याचे मूळ बऱ्याचदा तोंडाबाहेर असते. कोणाचा रक्तदाब, कोणाची साखर, कोणाच्या हृदयातली झडप, तर कोणाच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या. ते आमचे क्षेत्र आहे, म्हणून हा लेख.

आधी उशीर, मग घाई

दाढ दुखायला लागली की आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. आधी लवंग, मग लवंगेचे तेल, मग कापूर, मग मेडिकलमधून आणलेली ‘दातदुखीची गोळी’. आमच्या चाळीतल्या काही आजी अजूनही त्या बाजूला जरा जास्त मिश्री लावून ठेवतात. काहीजण ॲस्पिरिनची गोळी चुरडून हिरडीवर दाबतात. त्याने दुखणे थांबत नाही, हिरडी मात्र भाजून पांढरी पडते. “वरची दाढ काढली की नजर जाते” ही भीती असतेच. तिच्यात काही तथ्य नाही. डोळ्याच्या नसा वेगळ्या, दाताच्या नसा वेगळ्या. नजर वयामुळे, मोतीबिंदूमुळे, मधुमेहामुळे कमी होते. दाढ काढायची वेळही साधारण त्याच वयात येते, म्हणून दोन्हींचा संबंध जोडला जातो.

मग “गणपती झाले की बघू”. लालबाग-काळाचौकीच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगायला नको. गणपती होतात, नवरात्र येते, दिवाळी येते, आणि मध्येच एका रात्री गाल टम्म सुजतो. मग सगळे आजच्या आज व्हायला हवे असते.

लक्षात ठेवा, अँटिबायोटिकने किडलेली दाढ बरी होत नाही. दाताच्या मुळाशी पू असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते. रूट कॅनाल करा किंवा दाढ काढा. पाच दिवसांच्या गोळ्यांनी सूज उतरते, दुखणे थांबते, आणि आपल्याला वाटते की काम झाले. महिन्याने तेच पुन्हा. दरवेळी गोळ्या घेऊन वेळ मारून नेणे हा उपचार नाही.

आणि एक महत्त्वाचा अपवाद. खालच्या जबड्यात, विशेषतः डाव्या बाजूला, चालताना किंवा जिना चढताना दुखत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, तर ती दाढ नसून हृदय असू शकते. सोबत घाम, छातीत दडपण, धाप असेल तर दाताच्या दवाखान्यात जाऊ नका. सरळ हॉस्पिटलमध्ये जाऊन ईसीजी काढा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या : स्वतःच्या मनाने बंद करू नका

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

गिरणगावात आता प्रत्येक मजल्यावर स्टेंट बसवलेला एखादा तरी माणूस आहे. तो ॲस्पिरिन घेतो, कधी त्यासोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. दाढ काढायची म्हटल्यावर शेजारी सांगतात, “पाच दिवस गोळी बंद कर, नाहीतर रक्त थांबणार नाही.” हा सल्ला जुना आहे, आणि तो फक्त शेजाऱ्यांचा नाही, वैद्यकीय क्षेत्रातही वर्षानुवर्षे तो दिला गेला. आज एक-दोन साध्या दाढा काढण्यासाठी ॲस्पिरिन बंद करण्याची सहसा गरज नसते, हे मत जगभर मान्य आहे.

कारण साधे आहे. दाढेच्या खड्ड्यातून रक्त आले तर तिथे बोट पोहोचते. गॉज दाबता येतो, टाका घालता येतो, रक्त थांबवणारे औषध तिथल्या तिथे लावता येते. पण गोळी बंद केल्यामुळे स्टेंटमध्ये गुठळी झाली, तर तिथे कोणाचे बोट पोहोचत नाही. एका बाजूला दोन तास रक्त पाझरण्याचा त्रास, दुसऱ्या बाजूला हार्ट अटॅक. स्टेंट बसवून सहा महिने ते वर्ष झाले नसेल तर हा धोका जास्त असतो. अशा वेळी दाढ थांबू शकत असेल तर थांबवावी. नसेल तर गोळ्या चालू ठेवून, तयारीनिशी काढावी. काय करायचे ते तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

कृत्रिम झडप बसवलेले किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेले रुग्ण वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम घेतात. त्यांनी दाढ काढण्याच्या आधी, शक्यतो २४ तासांच्या आत, आयएनआर ही रक्ताची तपासणी करावी. आकडा साधारण ३.५च्या आत असेल तर साधी दाढ गोळी बंद न करता काढता येते. तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट चालत नाही. एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्यांसाठी आयएनआर उपयोगाचा नाही; त्यांत कधी त्या दिवशीचा सकाळचा एक डोस मागे-पुढे करावा लागतो. तो निर्णयही डॉक्टरांचा.

अशा रुग्णांनी एकाच दिवशी चार-पाच दाढा काढून घेण्याचा हट्ट धरू नये. थोड्या थोड्या काढाव्यात.

साखर आणि रक्तदाब

मधुमेह आहे म्हणून दाढ काढता येत नाही, असे नाही. पण साखर वाढलेली असेल तर जखम हळू भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. त्या दिवशीची साखर २००च्या आसपास किंवा त्याखाली असावी, असा माझा आग्रह असतो. ३००च्या वर असेल आणि दाढ निकडीची नसेल, तर आधी साखर आणा, मग दाढ काढा. मात्र दाढेत पू असेल तर त्या पुवामुळेच साखर वाढते. तेव्हा साखर उतरायची वाट बघत बसलो तर ती उतरतच नाही. अशा वेळी इन्सुलिन देऊन, दोन्ही गोष्टी बरोबर कराव्या लागतात. म्हणूनच म्हणतो, नुसत्या ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ शब्दाने भागत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो उपाशी पोटाचा. जागेवर भूल देऊन दाढ काढायची असेल तर उपाशी जाऊ नका. नेहमीप्रमाणे खा, नेहमीच्या गोळ्या घ्या. मधुमेहाची गोळी घेऊन पोटात काही न टाकता गेलेला रुग्ण खुर्चीतच घामाघूम होतो. साखर ५०-६०वर आलेली असते. संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, रोजा, अशा उपवासाच्या दिवशी दाढ काढायची वेळ घेऊच नका.

पूर्ण भूल देऊन ऑपरेशन असेल तर नियम वेगळे. साधारण सहा तास आधीपासून खाणे बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत; पण वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या अशा ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, कारण उपाशी राहिल्यावर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. अनेकांना हे माहीतच नसते, कारण त्यांनी गोळीचे नाव सांगितलेलेच नसते.

रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. “आज ऑपरेशन आहे म्हणून घेतली नाही” हे फार ऐकू येते. रक्तदाब १८०/११०च्या वर असेल तर न निकडीची दाढ पुढे ढकलावी. भुलेच्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा लिग्नोकेनसोबत थोडे ॲड्रेनॅलिन असते. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त कमी येते आणि भूल जास्त वेळ टिकते. रक्तदाब आटोक्यात असलेल्या बहुतेकांना नेहमीच्या मात्रेत ते चालते. पण हृदयविकार असेल तर आधी सांगा, म्हणजे मात्रा जपून दिली जाते.

हे लपवू नका, विसरूही नका

दाताच्या डॉक्टरांना पुढच्या गोष्टी न विचारताही सांगा :

- कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग, जन्मजात हृदयदोष. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात आणि अशा हृदयात घर करू शकतात. म्हणून यांतल्या ठरावीक रुग्णांना दाढ काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस देतात. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन झडप खराब झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. बाकी धडधाकट माणसाला प्रत्येक दाढेसाठी अँटिबायोटिक लागत नाही.
- हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे. ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी, झोलेड्रॉनिक ॲसिडचे सलाइनमधून दिलेले इंजेक्शन, डेनोसुमॅब. क्वचित, पण दाढ काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडून भरतच नाही. वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन लोक ‘औषध’ म्हणून मोजतच नाहीत. ते मोजा.
- कॅन्सरचे उपचार. परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१पासून आपल्या शेजारी आहे, त्यामुळे असे रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. तोंडाला किंवा मानेला रेडिएशन घेतले असेल तर त्यानंतर कितीही वर्षांनी दाढ परस्पर काढू नका. जबड्याचे हाड कुजण्याचा धोका आयुष्यभर राहतो. रेडिएशन सुरू होण्याआधीच दात तपासून खराब दाढा काढून घेणे सगळ्यात चांगले.
- रक्त न थांबण्याचा इतिहास. लहानपणी दात पडल्यावर, सुंतेनंतर, बाळंतपणात खूप रक्त गेले होते का? मामाला किंवा भावाला तसा त्रास आहे का? सौम्य हिमोफिलिया कधी कधी दाढ काढल्यावरच पहिल्यांदा कळतो. केईएमच्या आवारातच रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. अशा तपासणीसाठी आपल्याला लांब जावे लागत नाही.
- डायलिसिस. त्या दिवशी रक्त पातळ करणारे हेपरिन दिलेले असते. दाढ दुसऱ्या दिवशी काढावी.
- गरोदरपण. अडलेली दाढ चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीने काढता येते. लपवू नका आणि घाबरूही नका.
- ताप. पावसाळ्यात अंगात ताप असताना दाढ काढायला जाऊ नका. डेंग्यू असेल तर प्लेटलेट कमी झालेल्या असतात.
- स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, दारू, कोणत्याही औषधाची ॲलर्जी. दारूचे प्रमाण खरे सांगा. लिव्हर खराब असेल तर रक्त गोठायला वेळ लागतो.

तंबाखू : चिठ्ठीत कोणी लिहीत नाही ती गोष्ट

२०१६-१७च्या राष्ट्रव्यापी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. धूर न काढता, म्हणजे चुना लावून, मिश्री म्हणून, मावा-गुटख्यातून तंबाखू घेणाऱ्यांचे प्रमाण एकूण प्रौढांत २४.४ टक्के. राज्यात जुलै २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे; पुड्या कुठे मिळतात हे मी सांगायची गरज नाही. आणि “मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो” म्हणणाऱ्यांसाठी : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

महाराष्ट्रातल्या एक लाखाहून जास्त गावकऱ्यांची तोंडे तपासून केलेली पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. ती करणारे डॉ. फली मेहता आपल्या मुंबईतल्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे होते. तोंडाचा कर्करोग, त्याआधी येणारे पांढरे-लाल चट्टे आणि तंबाखूची सवय यांचा संबंध अशा पाहण्यांतून ठळकपणे पुढे आला. म्हणजे हे आपल्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

दाढेशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला, तंबाखू घेणाऱ्याची दाढ किडलेली नसताना अचानक हलू लागली, तर कारण दाढेखाली वाढणारी गाठ असू शकते. अशी दाढ ‘हलतेच आहे’ म्हणून उपटून टाकण्याआधी तोंड नीट तपासायला हवे. दुसरा, दाढ काढल्यावर खड्डा तीन आठवड्यांनीही भरला नाही, त्यातून मांस वर येत असेल, तर आणखी एक अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ नका. त्याचा तुकडा तपासायला द्या. तोंडातली कोणतीही जखम किंवा चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवलाच पाहिजे. तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, तिखट सोसत नसेल, तर तेही सांगा.

माझे म्हणणे असे, की दाढ काढण्याच्या निमित्ताने तंबाखू घेणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण तोंड तपासले गेले पाहिजे. तोंड उघडलेलेच आहे, उजेड आहे, आरसा आहे. दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे तुम्ही हक्काने मागा.

मग चिठ्ठीत काय असावे?

‘फिट’ या शब्दाऐवजी एवढे असावे : आजार कोणते, त्या दिवशीचा रक्तदाब, साखर आणि गरज असेल तर आयएनआर यांचे आकडे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, कोणती पेनकिलर चालणार नाही, आणि डॉक्टरांचा फोन नंबर. अर्धे पान होते. दाताच्या डॉक्टरांनीही ‘फिटनेस हवा’ एवढेच न लिहिता किती दाढा, जागेवर भूल की पूर्ण भूल, हे कळवावे. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले नाहीत तर निरोप रुग्णाला न्यावे लागतात, आणि निरोपात गोळीचे नाव हमखास चुकते.

तुम्हीही विचारा. ही दाढ काढायलाच हवी का, वाचू शकते का? प्रत्येक आडवी अक्कलदाढ काढावी लागते असे नाही. त्रास न देणाऱ्या, निरोगी अक्कलदाढा उगाच काढू नयेत, अशी सूचना इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच दिली आहे. खालची अक्कलदाढ काढल्यावर ओठ किंवा जीभ बधिर राहण्याची शक्यता किती, हेही विचारा. बहुतेकांची बधिरता काही आठवड्यांत-महिन्यांत जाते, पण ऐकून मग सही केलेली बरी.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आहेत. तिथे रांग असते, वेळ जातो, पण काम शिकलेल्या हातांखाली होते.

वेळ कोणती घ्यावी

संध्याकाळची नको, सकाळची घ्या. इंजेक्शनमधल्या ॲड्रेनॅलिनचा परिणाम काही तासांत उतरतो आणि मग रक्त सुटू शकते. सकाळी दाढ काढली असेल तर ते दुपारी सुटेल, दवाखाना उघडा असेल. संध्याकाळी काढली तर मध्यरात्र होते. शनिवारही नको. गणपतीत, रस्ते बंद असतात त्या दिवसांत नको. आणि दुसऱ्याच रात्री गावच्या गाडीचे तिकीट असेल तर मुळीच नको; खेड-चिपळूणच्या मध्ये गाडीत रक्त सुरू झाले तर काय कराल? चार-पाच दिवस मुंबईतच राहता येईल अशी वेळ निवडा.

दाढ काढल्यानंतर : पहिले २४ तास

दाढेच्या खड्ड्यात जमणारी रक्ताची गुठळी हीच तुमची मलमपट्टी. पहिल्या दिवशीचे सगळे पथ्य ती गुठळी जपण्यासाठी आहे.

- गॉज ३० ते ४५ मिनिटे घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघू नका.
- थुंकू नका, चूळ भरू नका. लाळ गिळा. लाळेत गुलाबी छटा दिवसभर दिसते, ते चालते.
- स्ट्रॉने काही पिऊ नका. ओढताना गुठळी निघते. शहाळे जरूर प्या, पण पेल्यात ओतून.
- बाहेरून गालावर बर्फ, कपड्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटे, थांबून थांबून. पहिल्या दिवशी शेक देऊ नका.
- बधिरपणा जाईपर्यंत गरम चहा नको, चावून खाणे नको. जीभ-ओठ चावला गेला तरी कळत नाही. लहान मुलांवर लक्ष ठेवा.
- झोपताना दोन उशा घ्या.
- तंबाखू, मिश्री, विडी-सिगारेट, दारू नको. निदान तीन दिवस. कायमची सुटली तर उत्तमच.
- हळद, तुरटी, कापूर, काहीही खड्ड्यात भरू नका.

घरी रक्त सुरू झाले तर घाबरू नका, आडवे पडू नका. बसा, तोंडातले रक्त हलकेच पुसा, स्वच्छ गॉजची घडी ओली करून बरोबर खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास चावून धरा. दोनदा करूनही थांबले नाही तर निघा.

पुढचा आठवडा

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलके, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर. खळखळून नको. बाकीचे दात घासायचेच.

जेवण मऊ आणि कोमट : वरण-भात, आटवल, दही-भात, नाचणीची आंबील, मऊ उपमा, केळे. मांसाहारी असाल तर अंडे, मऊ शिजलेला मासा, काटे काढून. फरसाण, कुरमुरे, तीळ, शेंगदाणे टाळा. कण खड्ड्यात जातात. “आइस्क्रीम खा” हा सल्ला मधुमेहींसाठी नाही; त्यांनी थंड ताक, दही घ्यावे. जेवण कमी झाले असेल तर इन्सुलिन किंवा गोळी तेवढीच घ्यायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि मग उतरते. तोंड कमी उघडणे, गालावर निळसरपणा, हे होते. पण तिसऱ्या दिवसाच्या आसपास दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, कानापर्यंत ठणका गेला, तोंडाला वास आला, तर गुठळी निघून हाड उघडे पडले असण्याची शक्यता आहे. हे खालच्या अक्कलदाढेनंतर आणि धूम्रपान करणाऱ्यांत जास्त होते. घरी गोळ्या वाढवू नका. दाताचे डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषध भरतात आणि लवकर आराम पडतो. वरची दाढ काढल्यावर पाणी पिताना ते नाकात येत असेल तर नाक जोराने शिंकरू नका आणि लगेच दाखवा.

औषधे : मेडिकलच्या काउंटरवरून नकोत

साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पहिले. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या प्रभावी आहेत, पण किडनीचा आजार, हार्ट फेल्युअर, अल्सर, रक्त पातळ करायच्या गोळ्या असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या न विचारता घेऊ नयेत. डेंग्यूच्या दिवसांत तापासाठीही नको.

आणखी एक जोडी फार घातक आहे. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम घेणाऱ्याला दाढेसाठी मेट्रोनिडाझोल दिले तर आयएनआर भराभर वाढतो. तोंडातल्या बुरशीसाठी लावायच्या मायकोनाझोल जेलनेही तेच होते. जखम चार दिवस ठीक असते आणि पाचव्या दिवशी हिरडीतून, नाकातून, लघवीतून रक्त येते. म्हणून दाताच्या डॉक्टरांनी दिलेले प्रिस्क्रिप्शन पहिली गोळी घेण्याआधी आपल्या फिजिशियनला दाखवा. आजकाल फोटो पाठवता येतो.

लगेच हॉस्पिटल कधी गाठायचे

- जबड्याखाली, मानेत सूज पसरते आहे, जीभ वर उचलली जाते आहे, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, श्वास अडतो आहे. दाढेचा पू मानेत उतरला असेल तर काही तासांत श्वास बंद होऊ शकतो. सकाळची वाट बघू नका. केईएमचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो.
- डोळ्याभोवती सूज चढली आहे.
- थंडी वाजून ताप, तोंड उघडणे रोज कमी होत चालले आहे.
- अर्धा-अर्धा तास दोनदा दाबूनही रक्त थांबत नाही.
- छातीत दुखते, घाम येतो, एक हात किंवा पाय लुळा पडतो, बोलणे अडखळते.
- झडपेच्या रुग्णाला दाढ काढल्यानंतरच्या आठवड्यांत बारीक ताप राहतो आहे.

शेवटी एकच काम सांगतो. घरातल्या प्रत्येक पन्नाशीपुढच्या माणसाच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आज रात्री टेबलावर मांडा, नावे दिसतील असा फोटो काढा आणि तो त्यांच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. वर्षातून एकदा घेतलेल्या इंजेक्शनचे नावही कागदावर लिहून त्याचा फोटो काढा. दाढ आज दुखत नसेल तरी हे करा. पुढच्या वेळी माझ्याकडे किंवा कुठल्याही डॉक्टरांकडे फिटनेससाठी जाल तेव्हा तो फोटो आधी दाखवा, सही नंतर मागा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या बाबतीतला निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.)